पोळा, बाजार आणि मनाईहुकूम

पोळ्याआधीच्या बाजारात बैल घेणारा आधी जबडा उघडून दात पाहतो. दोनदाती, चारदाती, सहादाती की जुळला, हे ठरलं की वशिंडावरून हात फिरवतो, खूर पाहतो, दहा पावलं चालवून बघतो. अलीकडे या पाहण्यात एक भर पडली आहे. आता कानही पाहतात. कानात पिवळा बिल्ला, बिल्ल्यावर बारा आकडे. १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही. बाजाराच्या फाटकावरचा कर्मचारी मोबाइल हातात धरून तेच तपासत असतो.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका गुरांच्या बाजारात फाटकाबाहेर एक शेतकरी जोडी घेऊन उभा होता. एका बैलाचा कान खालून फाटलेला. बाभळीच्या फांदीत बिल्ला अडकला, बैलानं मान हिसडली आणि बिल्ला गेला. दुसऱ्या बैलाचा बिल्ला शाबूत. म्हणजे अर्धी जोडी आत जाऊ शकत होती, अर्धी नाही. आणि सरावाची जोडी तोडून कोणी विकत नाही. फाटकावरचा माणूस उद्धट नव्हता. दवाखान्यात जाऊन नवा बिल्ला मारून घ्या, जुना क्रमांक त्याला जोडून घ्या, असं त्यानं नीट समजावून सांगितलं. दवाखाना उघडा होता, पण डॉक्टर लसीकरणासाठी एका गावात गेले होते. शेतकऱ्यानं बैल कडुनिंबाखाली बांधले आणि तो वाट पाहत बसला.

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय ‘मनाई’ असल्याचं कळवलं, तेव्हा मी गुरांच्या बाजारांची वाट धरली ती एका कारणासाठी. शेतकऱ्याच्या रोजच्या जगण्यात सरकारचा हुकूम सगळ्यात खोलवर कुठे शिरत असेल, तर तो गुरांच्या साथीच्या वेळी. जनावर कुठे बांधायचं, कोणत्या नाल्यावर पाणी पाजायचं नाही, कोणता रस्ता ओलांडायचा नाही, मेलं तर किती खोल पुरायचं, हे सगळं सरकार ठरवू शकतं. हे अधिकार हवेतच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. साथ कोणाच्या सातबाऱ्यावरची हद्द पाहून थांबत नाही. पण हा अधिकार वरून खाली येतो आणि रोगाची बातमी खालून वर जावी लागते. ती बातमी जनावराच्या कोठ्यातून निघालीच नाही, तर वरचा सगळा अधिकार आंधळा होतो. यवतमाळात जे पाहिलं, ऐकलं, ते सारं याच एका गोष्टीभोवती फिरत होतं.

सप्टेंबर २०२२

लम्पी चर्मरोग विदर्भाला २०२२ मध्ये पहिल्यांदा दिसला असं नाही. २०२० मध्येच तो गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यात येऊन गेला होता. १९२९ मध्ये आफ्रिकेत, आजच्या झांबियात, या रोगाची पहिली नोंद झाली. भारतात तो २०१९ मध्ये ओडिशात सापडला. पण २०२२ ची लाट वेगळी होती. राजस्थान, गुजरातेत गाई पटापट मरत असल्याच्या चित्रफिती गावोगावच्या मोबाइलवर आधी पोहोचल्या, रोग नंतर. महाराष्ट्रात ४ ऑगस्टला जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यात चिनावलला पहिली जनावरं सापडली आणि महिनाभरात रोग राज्यभर पसरू लागला.

हा देवीच्या कुळातला विषाणू आहे. आधी ताप येतो, डोळ्यानाकातून पाणी वाहतं, जनावर चारा सोडतं. मग अंगभर गाठी उठतात, सुपारीएवढ्या, कधी त्याहून मोठ्या. पायांवर सूज आली की बैल उठत नाही. डास, गोमाशा आणि गोचीड हा विषाणू एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेतात. गाठी फुटून खपल्या पडल्या, तरी त्या खपल्यांत तो महिनाभर तग धरतो. शंभरातली एक ते पाच बाधित जनावरं मरतात, असं पुस्तकं सांगतात. माणसाला हा रोग होत नाही. म्हशीला होतो, पण गाय-बैलांच्या मानाने कमी.

मरणाचं हे प्रमाण वाचून रोग सौम्य वाटेल. यवतमाळच्या कापूस उत्पादकाला तो सौम्य वाटत नाही. डवरणी, वखरणी, कापसाची बंडी, सारं बैलावर. ट्रॅक्टर आले, पण पेरणीनंतर तासांतून डवरा ओढायला अजून बैलच लागतो, आणि ज्याची पाच एकरांची कोरडवाहू शेती आहे त्याच्याकडे एकच जोडी असते. गाठी आलेला बैल मेला नाही, तरी दीड-दोन महिने जुवाखाली जात नाही. पांढरकवड्याकडचा एक शेतकरी म्हणाला, “बैल बसला तं वावर बसते, भाऊ.” त्यापुढे त्याने काही सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात राज्य सरकारने अधिसूचना काढून अख्खा महाराष्ट्र ‘नियंत्रित क्षेत्र’ जाहीर केला. गोवर्गीय जनावरांची ने-आण बंद. बाजार बंद. जत्रा, प्रदर्शनं, शर्यती बंद. बाधित जनावर, जिवंत किंवा मेलेलं, त्याचं कातडं, त्याच्या संपर्कात आलेला चारा क्षेत्राबाहेर नेणं बंद. त्या वर्षीचा पोळा ऑगस्टच्या अखेरीस होऊन गेला होता, म्हणून तोरणाखाली बैलांची रांग लागली होती. पुढच्या वर्षी, २०२३ मध्ये, पोळा सप्टेंबरच्या मध्यावर आला आणि रोगही परत आला होता. राज्यातल्या अनेक जिल्ह्यांत एकत्र पोळा भरवायला मनाई झाली आणि बैल आपापल्या अंगणात पुजायला सांगितलं गेलं.

वऱ्हाडात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तूप-हळदीने मळतात. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेली ती जागा. दुसऱ्या दिवशी गावचे सगळे बैल एका तोरणाखाली येतात, झडत्या म्हटल्या जातात, मानाच्या जोडीनं तोरण ओलांडलं की पोळा फुटतो. त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गावाबाहेर मारबत नेऊन टाकतात, रोगराई सोबत घेऊन जा म्हणून. अंगाला अंग घासत उभे राहिलेले शंभर-दोनशे बैल आणि भाद्रपदाच्या तोंडावरच्या माश्या: विषाणूला याहून सोयीची जागा मिळणार नाही. ती मनाई बरोबरच होती. पण वर्षातून एकदा ज्या दिवशी बैलाच्या मालकाला गावात मान मिळतो, तो दिवस गेला. त्याबद्दल बोलताना माणसं रागावत नव्हती, गप्प होत होती.

कायद्यातली दवंडी

या सगळ्या हुकमांच्या मुळाशी २००९ चा एक केंद्रीय कायदा आहे: प्राण्यांमधील संक्रामक आणि सांसर्गिक रोगांचा प्रतिबंध व नियंत्रण करणारा. गुरांचे रोग हा तसा राज्यांचा विषय. पण एका राज्यातून दुसऱ्यात जाणारी साथ रोखणं ही समवर्ती सूचीतली बाब आहे, आणि केंद्राने हा कायदा त्या आधाराने केला. यवतमाळकरांना हे वेगळं समजावायला नको. पांढरकवड्यावरून हैदराबादकडे जाणारा हमरस्ता पाटणबोरी सोडली की पैनगंगा ओलांडून तेलंगणात, आदिलाबाद जिल्ह्यात उतरतो. नदीच्या दोन्ही अंगांना सोयरिकी आहेत, बाजार आहेत, चराऊ रानं आहेत.

कायदा वाचायला मी बसलो तेव्हा वाटलं होतं की तो नुसता दंडांचा असेल. दंड त्यात आहे, पण अगदी थोडा. पहिल्या गुन्ह्याला एक हजार रुपयांपर्यंत, पुन्हा केला तर दोन हजारांपर्यंत. मेलेलं किंवा रोगी जनावर नदी-तळ्यात टाकलं तर थोडा जास्त. कायद्याचा खरा भर आहे तो कर्तव्यांवर. जनावराला अनुसूचीतला रोग झाल्याची शंका आली की मालकाने गावच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला सांगायचं. त्यांनी जवळच्या पशुवैद्यकाला लेखी कळवायचं. मालकाने जनावर वेगळं बांधायचं, सामायिक कुरणात चरायला सोडायचं नाही, सामायिक तळ्यावर, नदीवर, हाळावर पाणी पाजायचं नाही. पशुवैद्यकाला कोणत्याही कोठ्यात शिरून पाहणी करता येते, नमुना घेता येतो, ती जागा बाधित क्षेत्र म्हणून जाहीर करता येते. नाक्यांवर वाहनं थांबवता येतात, जनावरं अडकवून ठेवता येतात. दुसरा उपाय नसेल तर रोगी जनावराला वेदनारहित मरण देण्याचा आदेशही काढता येतो. महसूल, कृषी, पंचायत या सगळ्यांच्या गावपातळीवरच्या माणसांनी पशुवैद्यकाला मदत करायचीच आहे.

एक तरतूद मला फार आवडली. नियंत्रित क्षेत्र जाहीर केलं की त्या अधिसूचनेतला मजकूर स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात छापायचा, आणि त्या भागात मोठ्याने पुकारून, ढोल वाजवून सांगायचा. एकविसाव्या शतकातल्या कायद्यात दवंडी! लिहिणाऱ्याला गाव ठाऊक होतं. कोतवालाची दवंडी आता बऱ्याच गावांत ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर गेली आहे आणि हुकूम व्हॉट्सॲपवर फिरतो. पण फिरतो तो जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचा, कलमांनी भरलेला कागद. कोलाम पोडावरच्या, तांड्यावरच्या माणसाला त्यातून काय करायचं ते कळत नाही. जिथे पोलीस पाटलाने किंवा आशाताईने घरोघर जाऊन चार वाक्यांत सांगितलं, तिथे लोकांनी ऐकलं, असं मला अनेकांनी सांगितलं.

वाचताना ‘प्राणी’ या शब्दाच्या व्याख्येवरही नजर थांबते. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, घोडा, कुत्रा, मांजर, कोंबड्या, मधमाश्यासुद्धा तीत आहेत. केंद्राला त्यात इतर प्राणी-पक्षी अधिसूचनेने घालता येतात. वाघाचं, बिबट्याचं नाव मूळ यादीत नाही. टिपेश्वर अभयारण्य ज्या जिल्ह्यात आहे, तिथे ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. तिकडे पुढे जाऊच.

प्रत्येक जनावराला नवी सुई

लसीकरण सकाळी लवकर करावं लागतं. नऊ वाजले की गायकी गुरं घेऊन रानाकडे निघतो, मग संध्याकाळपर्यंत एकही जनावर हाती लागत नाही. घाटंजी तालुक्यातल्या एका गावात आखरावर, जिथे गावची गुरं गोळा होतात तिथे, पशुधन पर्यवेक्षक आणि त्यांचा मदतनीस उजाडतानाच आले होते. मोटारसायकलच्या मागे बर्फाचा डबा. लस दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्येच टिकते, आणि भुकटीत द्रावण मिसळलं की काही तासांत संपवावी लागते. म्हणून कुपी फोडायच्या आधी किती जनावरं समोर आहेत, ते मोजलं गेलं. अर्धी कुपी उरली तर ती फेकूनच द्यावी लागते.

२०२२ मध्ये लम्पीसाठी शेळ्यांच्या देवीची लस वापरली गेली. दोन्ही विषाणू भाऊबंद असल्याने ती चालते. लम्पीचीच स्वतःची लस त्या वर्षी हिसारच्या आणि इज्जतनगरच्या केंद्रीय संशोधन संस्थांनी तयार केली, आणि तिचं तंत्रज्ञान पुण्यातल्या औंधच्या सरकारी लसनिर्मिती संस्थेकडे देण्याचा करारही डिसेंबरात झाला. महाराष्ट्रात गाय-बैल सुमारे एक कोटी चाळीस लाख. राज्याने ती बहुतेक सगळी काही महिन्यांत टोचून काढली, फुकट. हे काम खरोखर मोठं आहे आणि त्याचं श्रेय अशा मोटारसायकलींवरच्या माणसांचं आहे.

आखरावर पाहण्यासारखं होतं ते सुईचं काम. गोऱ्ह्याच्या मानेजवळची कातडी चिमटीत धरून पर्यवेक्षक एक मिलिलिटर लस कातडीखाली सोडत होते, आणि सुई काढून मदतनिसाच्या हातातल्या डब्यात टाकत होते. पुढच्या जनावराला नवी सुई. प्रत्येक वेळी. हे का, ते त्यांनी न विचारता सांगितलं: एखादं जनावर वरून ठणठणीत दिसतं, पण आत विषाणू शिरलेला असतो. तीच सुई पुढे गेली की जे काम माशी करते, ते आपणच केलं. माशी एका वेळी एका जनावराला चावते, सुई सकाळभरात साऱ्या गावाला टोचते.

एका म्हाताऱ्या बाईनं आपली गाय पुढे आणली नाही. गाय गाभण आहे, टोचल्यावर गाबडेल, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. पर्यवेक्षकांनी कायदा काढला नाही, खरं तर नियंत्रित क्षेत्रात लस सक्तीची करता येते. ते म्हणाले, “माय, तुह्या गायीले मी पायलाच हात लावला का? मागच्या साली वासरू आडवं आलं तं रात्री कोण आलं होतं?” गाय आली. मला त्या जिल्ह्यात सरकारी अधिकार प्रत्यक्ष चालताना दिसला तो असा: रात्री दोन वाजता केलेल्या कामाच्या पतीवर. ज्या गावाला असा पर्यवेक्षक नाही, जिथलं पद रिकामं आहे आणि शेजारच्या गावच्या माणसाकडे जादा कार्यभार आहे, तिथे हीच म्हातारी गाय घेऊन रानात निघून गेली असती.

लस टोचल्यानंतर पुरेशी ताकद यायला तीनेक आठवडे लागतात. या काळात रोग गावात आला तर लस टोचलेलं जनावरही आजारी पडतं, आणि लोक म्हणतात, सुईनेच रोग आणला. २०२२ मध्ये हे सगळीकडे झालं.

सांगायचं कोणी?

बाधित गावाभोवती पाच किलोमीटरच्या परिघात लसीकरण, दहा किलोमीटरच्या आतले बाजार बंद, अशी ही कडी आखली जाते. कडी आखायला मध्यबिंदू लागतो. मध्यबिंदू म्हणजे पहिली गाठ दिसलेलं जनावर. ते कोणाचं, कधी कळलं, यावर सगळं.

आता मालकाच्या जागी उभं राहून पाहा. सांगितलं, तर त्याच्या नावाने गाव बंद होतं. शेजाऱ्याची गाय बाजारात विकायची आहे, मुलीचं लग्न आहे, त्याचाही सौदा अडतो. दिग्रसकडे एकाने मला स्वच्छ सांगितलं, “आमी सांगतलं असतं तं साऱ्या गावानं आमचंच नाव घेतलं असतं.” म्हणून पहिले दोन-चार दिवस हळद-कडुनिंबाचा लेप लावून, धूर करून, पाहू पाहू म्हणत जातात. विषाणूला तेवढे पुरतात.

हे लपवणं कायद्याने गुन्हा आहे. पण हजार रुपयांच्या दंडाच्या भीतीने कोणी लाखाच्या जोडीबद्दल तोंड उघडत नाही. उघडतो तो भरपाईच्या भरवशावर. इथे राज्याने २०२२ मध्ये एक चांगला निर्णय घेतला: लम्पीने मेलेल्या दुधाळ गाईमागे ३० हजार, ओढकामाच्या बैलामागे २५ हजार, वासरामागे १६ हजार रुपये. पशुवैद्यकाने मृत्यूचं कारण लिहून द्यायचं, पंचनामा व्हायचा, पैसे खात्यावर. या रकमेने नवा बैल येत नाही. पण मेल्याचं सांगण्यात काही अर्थ आहे, एवढं त्याने पटवलं.

मेलेलं जनावर पुरायचं तेही नियमाने. आठ फूट खोल खड्डा, चुना, पाण्याच्या जागेपासून लांब. काळ्या जमिनीत भर पावसाळ्यात हाताने आठ फूट खणून पाहावं. खड्ड्यात पाणी उपळतं, कडा ढासळतात. ज्या ग्रामपंचायतींनी जेसीबी लावून दिला तिथे जनावरं नीट पुरली गेली. जिथे मालकावरच सोडलं तिथे नाल्याच्या काठी अर्धवट माती लोटलेलीही होती. लम्पीच्या बाबतीत हे वाईट. फाशीसारख्या रोगात, ज्याला डॉक्टर अँथ्रॅक्स म्हणतात, हे भयंकर. त्याचे बीजाणू मातीत अनेक दशकं जिवंत राहतात, म्हणून त्या जनावराचं शवविच्छेदनही करायचं नसतं. मग पुरण्याचा खर्च मालकावर सोडणं हा कुठला शहाणपणा? साथ ही गावाची बाब असेल तर खड्डाही गावाचा हवा.

जनावर मेलं नाही, पण बाजार बंद असल्याने विकलं गेलं नाही, तर त्याचं काहीच नाही. बैल हा यवतमाळात अडीअडचणीचा पैसा आहे. दवाखान्यासाठी, बियाण्यासाठी तो निघतो. बाजार तीन महिने बंद राहिला की सावकाराचं दार उघडं होतं. शेतकरी आत्महत्यांच्या या जिल्ह्यात याचा हिशेब धरलाच पाहिजे. बाजारबंदीच्या काळात पीककर्जाच्या हप्त्याला तेवढी मुदतवाढ, निदान नियंत्रित क्षेत्रातल्या पशुपालकाला, हुकमासोबतच जाहीर करणं काही अवघड नाही. मनाई ज्या कागदावर आहे, त्याच कागदावर हेही असावं.

अभयारण्याची कड

पांढरकवडा आणि घाटंजीच्या मधे टिपेश्वर अभयारण्य आहे, सुमारे १४८ चौरस किलोमीटरचं. देशातल्या मोठ्या व्याघ्र प्रकल्पांपुढे ते लहान, आणि त्यातले वाघ त्यात मावत नाहीत. इथलाच एक तरुण वाघ, पुढे ‘वॉकर’ म्हणून गाजलेला, जून २०१९ मध्ये निघाला आणि तेलंगण-महाराष्ट्राची हद्द ओलांडत, शेतांतून, गावांच्या कडेने वर्षाअखेरी बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. वाटेत त्याने जी जनावरं मारली, त्यांत गावांची गुरंही होती. म्हणजे गावच्या गोठ्याचं आरोग्य आणि वाघाचं आरोग्य एकमेकांपासून वेगळं काढता येत नाही.

हे वन्यजीव कायद्याला ठाऊक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ च्या दुरुस्तीने कलम ३३-क आलं: अभयारण्यातल्या आणि अभयारण्याच्या पाच किलोमीटरच्या आतल्या पाळीव जनावरांना साथीच्या रोगांविरुद्ध लस देण्याची व्यवस्था मुख्य वन्यजीव रक्षकाने करायची, लस न दिलेलं जनावर अभयारण्यात चरायला न्यायला मनाई. हेतू उत्तम. पण लस, बर्फाचा डबा आणि सुई पशुसंवर्धनाकडे, आणि जबाबदारी वनखात्याकडे. गावचा पर्यवेक्षक गाव धरून चालतो, वनरक्षक कक्ष धरून. अभयारण्याच्या कडेच्या कुरणात एकाच वेळी पाच गावांची गुरं येतात, त्यांतली कुठली टोचलेली, हे एका वहीत कुठेही नाही. पिवळ्या बिल्ल्याचे बारा आकडे खरं तर यासाठीच उपयोगी पडतील. वनरक्षकाच्या मोबाइलमध्ये ती नोंद दिसायला हवी.

लम्पी वाघाला होत नाही. हरणवर्गात मात्र तो शिरू शकतो; राजस्थानात २०२२ च्या साथीत चिंकाऱ्यात तो सापडला होता. वाघ-सिंहांना धोका आहे तो आपल्या कुत्र्यांच्या रोगाचा. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात थोड्याच दिवसांत २३ सिंह मेले, त्यातल्या अनेकांत कुत्र्यांच्या डिस्टेंपरचा विषाणू मिळाला. टिपेश्वरच्या भोवतालच्या गावांत गुरांच्या लसीबद्दल सगळे बोलतात; कुत्र्यांच्या लसीबद्दल मी विचारलं तेव्हा माणसं माझ्याकडे पाहत राहिली.

आणखी एक विसंगती इथल्या लोकांनी माझ्या हातात ठेवली. वाघानं बैल मारला तर वनखात्याकडून बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार, यांत जे कमी असेल ते मिळतं. तोच बैल लम्पीने मेला तर २५ हजार. मालकाच्या दृष्टीने दोन्ही वेळा गेलेला बैल एकच. वाघाच्या भरपाईमागे वाघाबद्दलचा राग थंड करण्याचा विचार आहे आणि तो योग्य आहे. रोगाच्या भरपाईमागे रोग उघडा करण्याचा विचार असायला हवा. तो विचार केला तर ही रक्कम बाजारभावाशी जोडावी लागेल.

पिंजऱ्यातले वाघ

चंद्रपूर-यवतमाळकडे माणसांच्या वाटेत आलेले वाघ पकडले की बरेचदा नागपूरला गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात जातात. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस तिथे तीन वाघ आणि एक बिबट्या एकामागून एक मेले. वाघ चंद्रपूर भागातून आणलेले. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत गेले आणि जानेवारीच्या सुरुवातीला उत्तर आलं: एच५एन१. कोंबड्यांचा बर्ड फ्लू. संशय गेला तो खाद्यातल्या कच्च्या कोंबडीकडे.

हे जगात पहिल्यांदा झालं नव्हतं. २००४ मध्ये थायलंडच्या सिराचा इथल्या व्याघ्र उद्यानात कच्च्या कोंबड्या खाऊन हाच रोग आला आणि शंभराहून जास्त वाघ मेले किंवा मारावे लागले. आणि बर्ड फ्लू महाराष्ट्राला नवा नाही: देशातला पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरचाच. तिथे लाखो कोंबड्या मारून पुरल्या होत्या. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात, जानेवारी २०२५ मध्ये उदगीरच्या कावळ्यांत तो पुन्हा दिसला. कोंबड्यांसाठी आपल्याकडे केंद्राचा कृती आराखडा आहे, कुठल्या परिघात मारायच्या, कुठल्या परिघात लक्ष ठेवायचं, मारलेल्या कोंबडीचे किती पैसे द्यायचे, सारं ठरलेलं. प्राणिसंग्रहालयांवर केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण देखरेख करतं. त्याच्या नियमांत पशुवैद्यक हवा, नव्या प्राण्याला विलग ठेवायची जागा हवी, खाद्य स्वच्छ हवं, असं आहे.

पण कोंबडी बाजारातून निघते तेव्हा ती पशुसंवर्धन आणि अन्न खात्यांच्या ताब्यात असते, आणि पिंजऱ्यात पडते तेव्हा वनखात्याच्या. मधल्या टेम्पोत ती कोणाची? एखाद्या परिघात कोंबड्या मरायला लागल्या की तिथून कोणत्या प्राणिसंग्रहालयाला मांस जातं, याची यादी जिल्ह्याच्या पशुसंवर्धन कार्यालयात आधीच असायला हवी. वाघ मेल्यावर मांस उकळून द्यायची सूचना निघते, पिंजरे धुतले जातात, दारं बंद होतात. त्याआधीचा एक फोन वाघ वाचवू शकला असता, असं मला वाटतं. आणि तो फोन करायचा अधिकार, नव्हे ती जबाबदारी, एका ठरलेल्या खुर्चीकडे लिहून दिलेली असायला हवी.

पुढच्या पावसाआधी

गोमाशा आणि डास वाढतात ते पावसाची पहिली झड बसल्यावर. लसीला ताकद यायला तीन आठवडे. म्हणजे यवतमाळात लस ज्येष्ठ संपण्याआधी टोचली गेली तर उपयोग; त्या वेळी शेतकरी पेरणीच्या घाईत असतो आणि जोडी दिवसभर वावरात असते. यंदा काही गावांनी यावर स्वतःच तोडगा काढला. ग्रामसभेत ठरवून त्यांनी पर्यवेक्षकाला पेरणीआधीचा एक दिवस सांगून ठेवला, गायक्याला त्या दिवशी गुरं उशिरा सोडायला लावली आणि आखरावर ग्रामपंचायतीच्या खर्चाने लाकडी खोडा बसवला. पर्यवेक्षकाला चार गावं एका सकाळी उरकावी लागत नाहीत, जनावर उधळत नाही, सुई वाकत नाही. त्याच सभेत कोणाकडे जनावर आजारी दिसलं तर १९६२ या क्रमांकावर फोन कोणी करायचा, तेही ठरलं. मालकाने करायचा नाही. पोलीस पाटलाने करायचा, म्हणजे मालकाचं नाव पुढे येत नाही. खड्ड्यासाठी जेसीबीचा खर्च पंचायतीच्या निधीतून करण्यावर मात्र एकमत झालं नाही, तो विषय पुढच्या सभेवर ठेवला आहे.